छापलंस? मग आता समजावून सांग!

जर्नल, प्रोजेक्ट, असाइनमेंट. छापणारे छापतात, त्यातले काही पकडले जातात, शिक्षाही होते. पण त्या शिक्षेतून नेमकं काय शिकायला मिळतं?

सबमिशनचा आठवडा आला की कॉलेजचा कट्टा एकदम अभ्यासू दिसायला लागतो. एरवी चहावर चहा रिचवणारी मंडळी मांडीवर जर्नल घेऊन, मान खाली घालून लिहीत असतात. लिहीत म्हणजे काय, छापत असतात. एकाची पूर्ण झालेली जर्नल मध्ये आणि भोवती चौघं. कुणी आकृत्या काढतंय, कुणी रीडिंग उतरवतंय, कुणी नुसतेच निष्कर्ष लिहितंय. झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग. आणि ग्रुपवर एकच मेसेज : “कुणाची झालीये? पीडीएफ टाका ना प्लीज!”

ओळखीचं वाटतंय ना?

आपल्याकडे याला वाङ्मयचौर्य वगैरे कुणी म्हणत नाही. तो शब्द मोठमोठ्या लेखकांसाठी राखीव. आपण म्हणतो ‘छापणं’. “तुझी छापून झाली का?” हे आपण इतक्या सहज विचारतो, जणू “जेवलास का?” असंच विचारतोय. इंजिनीअरिंगवाल्यांकडे तर यासाठी खास तंत्र आहे. काचेखाली बल्ब लावायचा, काचेवर मित्राची ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि दिसेल त्या रेघेवरून पेन्सिल फिरवायची. ग्लास ट्रेसिंग. लाडाचं नाव जीटी. “रात्रभर जागून तीन शीटची जीटी मारली,” हे वाक्य तर मेहनत केल्याच्या थाटात सांगितलं जातं!

त्यात ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि छापायला मित्राचीही गरज उरली नाही. प्रश्न टाका, उत्तर घ्या, नाव घाला, प्रिंट काढा.

मग कधीतरी पकडलं जातं. कारण छापणाऱ्यालाही घाई असते. प्रोजेक्टच्या ऋणनिर्देशात भलत्याच कॉलेजच्या प्राचार्यांचे आभार तसेच राहतात. मधेच निळ्या अक्षरातली, खाली रेघ मारलेली लिंक दिसते. संदर्भसूचीत एकच शब्द असतो : ‘गुगल’. सहा जणांच्या जर्नलमध्ये एकाच जागी एकच स्पेलिंग चुकलेलं असतं. सर चष्मा वर करतात आणि वर्गात शांतता पसरते.

आता खरा प्रश्न. सरांनी काय करायचं?

कॉपीची शिक्षा कॉपीच!

आपल्याकडच्या पारंपरिक शिक्षा तुम्हाला तोंडपाठ असतील. पहिली आणि सगळ्यात लाडकी : “दहा वेळा लिहून आण.” जरा विचार करा. एकानं न समजता एकदा उतरवलं, म्हणून त्याला शिक्षा काय, तर न समजता आणखी दहा वेळा उतरव! कॉपी केली म्हणून कॉपीच करायला लावायची. मुलगा रात्री टीव्हीसमोर बसून ते लिहितो, हात दुखतो, डोकं मात्र सुट्टीवर असतं. अकराव्या वेळीही त्याला विचारलं की यात काय लिहिलंय, तर सांगता येत नाही.

दुसरी : भर वर्गात जर्नल फाडणं किंवा खिडकीतून भिरकावणं. तिसरी : “बघा, चोर बघा,” म्हणून सगळ्यांसमोर उभं करणं. चौथी : “उद्या वडिलांना घेऊन ये.” पाचवी : सरळ शून्य.

यातल्या अपमानाच्या शिक्षा तर कायद्यातही बसत नाहीत. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं १७ वं कलम शाळेतल्या मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायलाही मनाई करतं. हा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. पण पंधरावं वर्ष लागलं म्हणून अपमान गोड लागायला लागतो असं थोडंच आहे!

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, अपमानानं होतं काय? ज्याची जर्नल फाडली त्याला दिवसभर आठवतं ते ‘सगळ्यांसमोर फाडली’ एवढंच. आपण काय चुकीचं केलं हे डोक्यात येतच नाही. सरांचा राग येतो आणि पुढच्या वेळी तो जास्त हुशारीनं छापतो. चार शब्द बदलतो, परिच्छेद वर-खाली करतो, स्पेलिंग तपासून घेतो. म्हणजे शिक्षेनं त्याला शिकवलंच, पण पकडलं न जाणं शिकवलं.

मग शून्य दिलं तर? ते तरी सरळ, स्वच्छ आहे ना? त्यासाठी एक खरी गोष्ट ऐका.

पायपर हायस्कूलची पानं

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पायपर नावाचं हायस्कूल आहे. २००१ मध्ये तिथं ख्रिस्टीन पेल्टन नावाच्या शिक्षिका दहावीला जीवशास्त्र शिकवत होत्या. त्यांनी मुलांना झाडांच्या पानांचा प्रोजेक्ट दिला. वेगवेगळ्या झाडांची पानं गोळा करायची आणि त्यांची माहिती स्वतः लिहायची. वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांनी नियमांचा कागद दिला होता : कॉपी केली तर प्रोजेक्टमध्ये नापास. त्यावर सह्यासुद्धा घेतल्या होत्या.

तपासताना काही वाक्यं त्यांना मुलांची वाटेनात. तपासलं तर ११८ पैकी २८ जणांनी इंटरनेटवरून जसंच्या तसं उचललेलं. पेल्टनबाईंनी ठरल्याप्रमाणे त्या २८ जणांना शून्य दिलं.

पण या प्रोजेक्टला सत्राच्या एकूण गुणांपैकी तब्बल ५० टक्के वजन होतं. शून्य म्हणजे अख्ख्या विषयावर पाणी. पालक स्कूल बोर्डाकडे गेले. डिसेंबर २००१ मध्ये बोर्डानं निर्णय फिरवला. प्रोजेक्टचं वजन ५० वरून ३० टक्क्यांवर आणलं आणि छापणाऱ्यांनाही काही गुण द्यायला सांगितलं. पेल्टनबाईंनी राजीनामा दिला. प्रकरण देशभर गाजलं.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण बाईंची बाजू घेतात किंवा पालकांची. तुम्ही जरा तिसरीकडे बघा. ११८ मधून २८ वजा केले की ९० उरतात. या ९० मुलांनी स्वतः काम केलं होतं. प्रोजेक्टचं वजन कमी झालं ते सगळ्यांसाठीच. म्हणजे छापणारे सुटले आणि ज्यांनी खरंच घाम गाळला, त्यांच्या घामाची किंमत घसरली.

छापणं हा ‘त्याचा आणि सरांचा प्रश्न’ नसतो, तो असा. वर्गात एखादी मुलगी रात्री दोनपर्यंत बसून स्वतःचं लिहिते, मोडकं-तोडकं का असेना. तिला दहापैकी सहा मिळतात. शेजारच्यानं टॉपरचं छापलेलं असतं, त्याला नऊ. पुढच्या वेळी ही मुलगी काय करेल? शिक्षा करायची ती तिच्यासाठी. छापणाऱ्यावर सूड म्हणून नाही, तर तिला ‘मीच मूर्ख’ असं वाटू नये म्हणून.

पायपरमधून दुसरीही गोष्ट शिकण्यासारखी आहे. नियम आधी सांगितला होता, पुरावा होता, तरी शिक्षा टिकली नाही. कारण एका झटक्यात अर्धा विषय जाणार होता. फार मोठी शिक्षा बहुतेकदा अमलातच येत नाही. कुणीतरी मध्ये पडतं, रदबदली होते आणि प्रकरण मिटवलं जातं. त्यापेक्षा छोटी पण नक्की होणारी शिक्षा बरी.

पीएचडीवाल्यांना शिडी, आपल्याला?

आता आपल्याकडे या. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २०१८ मध्ये छापाछापीवर नियम केले. पीएचडीच्या प्रबंधासाठी त्यात पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. मजकुरातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यायचा, त्यासाठी जास्तीत जास्त ६ महिने. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंधही देता येणार नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. आणि पुन्हा तेच केलं तर आधीच्यापेक्षा एक पायरी वरची शिक्षा. नुसत्या विद्यार्थ्यांनाच नाही हं. प्राध्यापकांनी छापलं तर त्यांची वेतनवाढ रोखण्याचीही तरतूद आहे.

यात एक गंमत लक्षात आली का? पीएचडीसारख्या मोठ्या कामातही पहिली शिक्षा आहे ‘सुधारून परत आण’. फाडून टाकणं नाही, वर्गासमोर उभं करणं नाही. गुन्ह्याच्या मापानं शिक्षा, आणि पहिल्यांदा चुकलेल्याला परत येण्याचा रस्ता.

पण याच नियमांतून असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि उत्तरपत्रिका वगळलेल्या आहेत. म्हणजे आपण जे जे छापतो, ते सगळं! त्यासाठी कॉलेजनं स्वतः काही ठरवलं असेल तर ठीक, नाहीतर सगळा कारभार सरांच्या मूडवर. एका सरांकडे छापलेलं चालतं, दुसऱ्या मॅडम फाईल फेकतात, तिसऱ्यांना पत्ताच लागत नाही. एकाच गोष्टीला तीन ठिकाणी तीन न्याय मिळाले की मुलं एकच धडा घेतात : नियम-बियम काही नसतं, नशीब असतं.

मग शिक्षा कशी असावी?

आमचं म्हणणं साधं आहे. छापून जे काम टाळलं, तेच काम करायला लावणं ही शिक्षा. त्याहून कमी नको आणि सुरुवातीला त्याहून जास्तही नको. हे प्रत्यक्षात कसं करायचं?

पहिली पायरी, पाच मिनिटांची तोंडी. संशय आला की सरांनी जर्नल बंद करायची आणि एकट्याला बोलावून विचारायचं, “छापलंस? मग आता समजावून सांग. हा आलेख असा का आला? हा शब्द वापरलायस, त्याचा अर्थ काय?” ज्यानं स्वतः केलंय तो अडखळत का होईना, सांगतो. ज्यानं छापलंय तो छताकडे बघतो. पाच मिनिटांत दूध का दूध! शिवाय कुणावर खोटा आळ येत नाही. आणि समजा, छापूनही त्याला सगळं नीट सांगता आलं, तर निदान शिकणं तरी झालंय. मग उरतो तो प्रामाणिकपणाचा हिशेब, आणि तो वेगळा करता येतो.

दुसरी पायरी, काम परत करायचं, पण तेच नाही. तेच दिलं तर तो तेच पुन्हा उतरवेल. विषय तोच, प्रश्न वेगळा. पाण्याच्या प्रदूषणावरचा प्रोजेक्ट छापला? मग आता तुझ्याच भागातल्या नाल्याचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघून दोन पानं लिही. वाचनालयात किंवा लॅबमध्ये बसून, हातानं.

तिसरी पायरी, गुणांना मर्यादा. परत केलेलं काम कितीही छान असलं तरी ठरावीक गुणांच्या वर जायचं नाही, समजा निम्मेच. “छापून बघू, पकडलं तर परत लिहू,” असा हिशेब मग कुणी मांडणार नाही. दुप्पट काम आणि निम्मे गुण, हा सौदा कुणालाच परवडत नाही.

चौथी पायरी, पुन्हा तेच केलं तर. तेव्हा शून्य, प्राचार्यांकडे नोंद, पालकांशी बोलणं. इथे दयामाया नको, कारण आता ‘माहीत नव्हतं’ म्हणायला जागा नाही.

आणि या चारही पायऱ्या पहिल्याच दिवशी लेखी सांगितलेल्या हव्यात. सबमिशनच्या दिवशी नियम काढला तर तो नियम नसतो, राग असतो.

यावर शिक्षक म्हणतील, “सत्तर मुलांचा वर्ग, असे चार वर्ग, तोंडी घ्यायला वेळ कुठून आणू?” अगदी रास्त प्रश्न. पण सगळ्यांची घ्यायची गरजच नाही. प्रत्येक सबमिशनला चिठ्ठ्या टाकून पाच नावं काढा. कुणाचं नाव येईल ते माहीत नसलं की सगळेच तयारीनं येतात.

देणाऱ्याचं काय?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. जर्नल दोघांची सारखी, शून्य दोघांना. पण एकीनं ती केलेली असते आणि दुसऱ्यानं नुसती मागितलेली असते. आपल्याकडे नाही म्हणणं सोपं नाही. नाही म्हटलं की “भाव खाते”, “स्वार्थी आहे” असं ऐकून घ्यावं लागतं. शिवाय उद्या आपल्यालाही काही लागणारच की.

म्हणून दोघांना एकाच काठीनं हाकणं बरोबर नाही. सरांनी दोघांशी वेगवेगळं बोलावं. देणाऱ्याला पहिल्यांदा समज पुरे. पण जो पैसे घेऊन फायली लिहून देतो किंवा दुकानातून तयार प्रोजेक्ट विकत आणतो, तिथे मैत्रीचा प्रश्नच नाही, तो धंदा झाला. त्याला पहिली पायरी ओलांडून थेट वरचीच शिक्षा हवी.

आणि तुमच्याकडे कुणी मागायला आलं तर? “जर्नल देत नाही, पण बस, अर्ध्या तासात समजावून सांगते,” असं म्हणून बघा. ज्याला खरंच अडलंय तो बसेल. ज्याला नुसतं छापायचंय तो दुसरीकडे जाईल. मैत्री कुणाशी आहे तेही कळेल.

मशीन म्हणतंय म्हणून?

हल्ली नवीनच प्रकार सुरू झालाय. सर तुमचा मजकूर एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतात, ते सांगतं ‘८० टक्के एआय’, आणि तुमचा निकाल लागतो. इथे मात्र सावध राहायला हवं, शिक्षकांनी आणि तुम्हीही.

कारण खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयलाच हे जमलेलं नाही. त्यांनी जानेवारी २०२३ मध्ये एआयचा मजकूर ओळखणारं साधन आणलं. त्यांच्याच माहितीनुसार, एआयनं लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के त्याला ओळखता येत होता आणि माणसानं लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर ते एआयचा शिक्का मारत होतं. जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून त्यांनी ते बंद केलं.

त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. टोफेल ही परदेशी शिकायला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा. त्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या साधनांना दिले. हे निबंध लिहिणाऱ्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. साधनांनी सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरवले! अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. कारण काय, तर परक्या भाषेत लिहिणारा माणूस साधे, नेहमीचे, सरळ शब्द वापरतो. मशीनला तेच एआयसारखं वाटतं.

आता हे आपल्याला लावून बघा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकदम इंग्रजी. डिक्शनरी घेऊन एकेक वाक्य जुळवलेलं. आणि मशीन म्हणणार, “हे तू लिहिलेलं नाहीस.” ज्यानं सगळ्यात जास्त कष्ट केले त्यालाच चोर ठरवलं जाण्याची भीती सगळ्यात जास्त. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनचं एआय ओळखणारं साधन बंद केलं, ते अशाच शंकांमुळे. त्यांचा हिशेब सोपा होता. २०२२ मध्ये त्यांनी ७५ हजार पेपर तपासायला टाकले होते. त्यात एक टक्का जरी चूक झाली असती, तर सुमारे ७५० जणांवर खोटा आरोप आला असता.

साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तेच. ते ‘हे वाक्य दुसरीकडे सापडलं’ एवढंच सांगतं. अवतरण देऊन, नाव लिहून घेतलंय की उचललंय, हे माणसानं वाचूनच ठरवावं लागतं. म्हणून मशीनचा आकडा हे संशयाचं कारण असू शकतं, शिक्षेचं नाही. आकडा आला तरी पुढची पायरी तीच, पाच मिनिटांची तोंडी.

आणि सर, थोडं तुमच्याकडेही...

हे पान शिक्षकही वाचतात, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून दोन गोष्टी त्यांच्याशी.

साध्या लंबकाचा प्रयोग आठवा. मुलगा मनापासून दोलनं मोजतो, गणित करतो आणि ‘जी’ची किंमत ९.३ येते. सर म्हणतात, “चूक आहे, ९.८ आलं पाहिजे.” मुलगा काय करतो? शेजारच्याची रीडिंग घेतो किंवा उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग तयार करतो. ९.८ येतं, सही मिळते. इथे छापायला कुणी शिकवलं? ९.३ आल्यावर “का आलं असेल, शोध बरं,” असं म्हटलं असतं तर त्याला छापायची गरजच पडली नसती.

दुसरं, वर्षानुवर्षं तोच प्रोजेक्ट दिला तर गेल्या वर्षीच्या फायली फिरणारच. ‘पर्यावरणाचे महत्त्व’ असा विषय दिला तर इंटरनेटवर हजार निबंध तयार आहेत. पण ‘आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानातलं प्लॅस्टिक एक आठवडा मोजा’ हे कुठून छापणार? ‘आजीच्या लहानपणी पाणी कुठून भरायचे ते तिला विचारून लिहा’ याचं उत्तर चॅटजीपीटीकडे नाही, कारण ते तुमच्या आजीला ओळखत नाही!

आणि दुसऱ्याचं कसं वापरायचं, हेही कुणीतरी शिकवायला हवं. संदर्भ म्हणजे ‘गुगल’ नाही. कुणाचं पुस्तक, कुठला लेख, कुठलं साल, हे लिहायचं असतं. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर ते अवतरणात टाकायचं असतं. हा एका तासाचा धडा आहे. तो न शिकवता शिक्षा करणं म्हणजे पोहायला न शिकवता बुडाला म्हणून ओरडण्यासारखं आहे.

छापलेलं कधी ना कधी फुटतं

“पण सगळेच छापतात, कुणाचं काय बिघडतं?” असं अजूनही वाटत असेल तर कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांचं उदाहरण घ्या. हे जर्मनीचे संरक्षणमंत्री, लोकप्रिय, तरुण. २०११ मध्ये उघड झालं की त्यांच्या पीएचडीच्या प्रबंधात इतरांचं बरंच काही नाव न देता घेतलंय. बायरॉइट विद्यापीठानं डॉक्टरेट काढून घेतली आणि १ मार्च २०११ ला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पण गोष्ट तिथे संपली नाही. पुढे इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठात त्यांनी नव्यानं अभ्यास केला, वेगळ्या विषयावर प्रबंध लिहिला आणि दुसरी डॉक्टरेट मिळवली.

मंत्रिपद जाणं ही शिक्षा सगळ्यांना आठवते. पण बसून, स्वतः, परत करणं हेही त्यांना चुकलं नाही. आपल्याला ते अकरावीत, एका जर्नलपुरतं करायला मिळत असेल तर फार स्वस्तात सुटलो म्हणायचं!

पकडले गेलात तर...

- छापलं असेल तर “सगळ्यांनीच छापलंय” असं म्हणू नका. “हो सर, छापलंय. परत करून देतो, दोन दिवस द्या,” असं सांगा. बहुतेक सर विरघळतात.
- मित्राचं नाव लगेच पुढे करू नका. पण खोटंही बोलू नका. तुम्ही मागितलं होतं हे आधी सांगा.
- छापलं नसेल आणि तरी आळ आला तर भांडू नका, तोंडी घ्यायला सांगा. “सर, यातलं काहीही विचारा,” हे एक वाक्य दहा मिनिटांच्या वादावर भारी पडतं.
- कच्ची वही फेकू नका. खाडाखोड, चुकलेली गणितं, रफ आकृत्या हाच तुमचा पुरावा. कॉम्प्युटरवर लिहीत असाल तर गुगल डॉक्समध्ये लिहा. कधी काय लिहिलं, काय खोडलं याचा सगळा इतिहास त्यात राहतो.
- एआयची मदत घेतली असेल आणि सरांनी तेवढी परवानगी दिली असेल, तर कुठे घेतली ते शेवटी एका ओळीत लिहून टाका. सांगून घेतलेली मदत लपवावी लागत नाही.
- अपमान झाला, मारलं, तर गप्प बसू नका. घरी सांगा, ज्यांच्यावर विश्वास आहे त्या शिक्षकांना सांगा. तुमची चूक असली तरी तो हक्क कुणालाच नाही.

आणि सबमिशनला अजून चार दिवस असतील, तर ग्रुपवर पीडीएफ मागण्याआधी स्वतःची रीडिंग एकदा लिहून बघा. ९.३ आलं तरी चालेल. का आलं ते मात्र सरांना जाऊन विचारा.